हिशेब चोख ठेवणारी मारी

दिवाळी संपली की आमच्या अभ्यासिकेतल्या मुली दोन भागांत वाटल्या जातात. काही आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघून जातात, काही आजीजवळ मागे राहतात. या मागे राहणाऱ्या मुलींसाठीच तर महिला मंडळाच्या आम्ही चौघी-पाचजणींनी जालना शहराला लागून असलेल्या एका वस्तीत ही अभ्यासिका सुरू केली. अभ्यासिका म्हणजे काय, तर समाजमंदिरातली एक खोली, दोन सतरंज्या, एक फळा आणि दोन ट्यूबलाइट. त्यातली एकच लागते!

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे माझ्याकडे मराठी, इतिहास आणि खाऊवाटप हे विषय. विज्ञान शिकवणारी आमची मैत्रीण त्या दिवशी नात्यातल्या लग्नाला गेली होती आणि नेमकी त्याच दिवशी दहावीतली एक मुलगी वही घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. ताई, हे काही केल्या जुळतच नाही, म्हणाली.

वहीत रासायनिक समीकरण होतं. मैत्रिणींनो, खरं सांगते, ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. दहावीनंतर मी विज्ञान सोडलं ते याच समीकरणांच्या धास्तीनं. तापलेल्या लोखंडावरून पाण्याची वाफ नेली तर काय होतं, असा तो प्रश्न. मधे एक बाण. बाणाच्या डावीकडे लोखंड आणि पाणी, उजवीकडे लोखंडाचं ऑक्साइड आणि हायड्रोजन. दोन्ही बाजूंचे अणू सारखे यायला हवेत. पोरगी हुशार. तिनं ते जुळवलेलंही होतं, पण कसं? पाण्याच्या सूत्रातला, म्हणजे एच टू ओमधला, खालचा बारीक आकडाच तिनं बदलून टाकला होता. शाळेतल्या बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती.

मग तिनं मला असा प्रश्न विचारला की मी गप्पच झाले. दोन्हीकडचं सारखंच का यायला पाहिजे, आणि हे ठरवलं कुणी, असं ती विचारत होती. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली आणि घरी आले. मुलाची जुनी पुस्तकं काढली, वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. चार दिवस दुपारची झोप सोडली. हे ठरवणाऱ्याचं नाव सापडलं, आंत्वान लव्हाझिए. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक. पण मला त्याच्यापेक्षा जास्त भेटली ती त्याच्या शेजारी वही घेऊन बसलेली त्याची बायको, मारी. आज तिचीच गोष्ट सांगायचीय.

मारी-ॲन पॉल्झ हिचा जन्म २० जानेवारी १७५८ चा, फ्रान्समधल्या मोंब्रिझाँ या गावातला. ती तीन वर्षांची असताना आई गेली. वडील झाक पॉल्झ हे मोठे वकील. शिवाय फ्रान्समध्ये त्या काळी राजासाठी कर गोळा करण्याचा मक्ता काही श्रीमंत लोकांच्या कंपनीकडे असे, त्यातले ते एक भागीदार. आईविना पोर म्हणून मारीला मठाच्या शाळेत ठेवलं. तिथंच ती लिहायला-वाचायला शिकली.

ती तेरा वर्षांची झाली आणि तिला एक स्थळ आलं. स्थळ कसलं, संकटच! नवरा मुलगा सरदार घराण्यातला, वय पन्नासच्या घरात, आणि जवळ पैसा नाही. पण मध्यस्थ बडे होते. राजाचा अर्थमंत्रीच मारीच्या नात्यातला, तोच या लग्नाच्या मागे लागलेला. नाही म्हणावं तर वडिलांच्या कामावर गदा येणार, आणि हो म्हणावं तर पोरीच्या आयुष्याचं मातेरं. वडिलांनी नकार दिला. पण नुसत्या नकारानं भागणार नव्हतं. तेव्हा त्यांनी आपल्याच कंपनीतल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुण भागीदाराला विचारलं. तोच आंत्वान लव्हाझिए. १६ डिसेंबर १७७१ रोजी त्यांचं लग्न झालं.

इथं मी पुस्तक मिटून ठेवलं. तेरा वर्षं! माझ्या डोळ्यांपुढे आमची ती वहीवाली मुलगी आली. ती पंधरा पूर्ण. तिच्यासाठीही एक स्थळ आलेलं आहे, हे मला तिच्या आजीनं आधीच कानावर घातलं होतं. आपल्या मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या बायकांना हे नवीन नाही. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झालं की एक कोयता वाढतो. मागे एकट्या राहणाऱ्या पोरीची आईला काळजी, ती वेगळीच. गरिबी आणि काळजी दोन्ही मिळून पोरीला बोहल्यावर चढवतात.

मारीच्या वडिलांनी त्यातल्या त्यात बरा मार्ग काढला, आणि तो नशिबानं चांगला निघाला. पण तेरा वर्षांच्या मुलीला एका लग्नातून सुटण्यासाठी दुसरं लग्नच करावं लागलं, हे विसरून चालणार नाही. तिच्यापुढं तिसरा रस्ता नव्हताच. आमच्या मुलीपुढं तो आहे, शाळेचा.

हे लव्हाझिए महाशय होते तरी कसे? जन्म १७४३ चा, पॅरिसमधला. शिकले वकिली, पण जीव सगळा विज्ञानात. पंचविसाव्या वर्षीच ते तिथल्या विज्ञान अकादमीचे सभासद झाले. त्यांचा एक मोठा नाद होता, वजन करण्याचा. आपल्या मोंढ्यातला अडत्या जसा पोत्याचं वजन आधी आणि नंतर बघतो ना, अगदी तस्सा!

त्या काळी विद्वानांनाही वाटे की पाणी खूप दिवस उकळलं की त्याची माती होते, कारण भांड्याच्या तळाशी थोडी पूड साचलेली दिसायची. लग्नाच्या आधी लव्हाझिएंनी काचेच्या बंद भांड्यात पाणी एक ना दोन, तब्बल १०१ दिवस उकळत ठेवलं. आधी भांडं तोललं, पाणी तोललं. नंतर पुन्हा तोललं. एकूण वजन होतं तेवढंच. पाणीही तेवढंच. भांड्याचं वजन मात्र घटलेलं. म्हणजे ती पूड पाण्याची झालेली नव्हती, काचेतूनच आलेली होती! नुसतं डोळ्यांनी बघितलं तर पाण्याची माती झालेली दिसते. तराजूनं बघितलं तर खरं कळतं.

अशा माणसाच्या घरात मारी आली. नवऱ्याचं काम समजून घ्यायचं तर रसायन शिकायला हवं, म्हणून ती ते शिकली. नवऱ्याकडून शिकली, त्याच्या सहकाऱ्यांकडूनही शिकली. नवऱ्याला इंग्रजी यायचं नाही आणि वायूंवरचं मोठं काम तर इंग्लंडात चाललेलं. म्हणून ती इंग्रजी शिकली आणि तिकडची पुस्तकं, लेख त्याला फ्रेंचमध्ये करून देऊ लागली. उपकरणांची चित्रं नीट काढता यावीत म्हणून झाक-लुई दाविद या मोठ्या चित्रकाराकडे चित्रकला शिकली. आपण लग्नानंतर सासरच्या चालीरीती शिकतो, स्वयंपाकाची चव शिकतो. ही बाई रसायन शिकली, भाषा शिकली, चित्रं काढायला शिकली!

१७७५ साली लव्हाझिएंना सरकारी दारूगोळ्याच्या कारभारात जागा मिळाली आणि पुढं ते दोघं पॅरिसच्या शस्त्रागारात राहायला गेले. तिथं त्यांनी स्वतःच्या पैशानं प्रयोगशाळा उभारली. दिवसभर नवऱ्याला नोकरीची कामं. म्हणून पहाटे उठून काही तास आणि रात्री जेवणाआधी-नंतर काही तास प्रयोग. आठवड्यातला एक अख्खा दिवस फक्त प्रयोगांचा. नवरा तोलायचा, आकडे सांगायचा आणि मारी वहीत उतरवायची. आधी किती, नंतर किती. घरी विद्वानांची ऊठबस होती, तिचं यजमानपणही तिच्याचकडे.

अशाच एका जेवणाच्या वेळी, ऑक्टोबर १७७४ मध्ये, जोसेफ प्रिस्टली हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ त्यांच्याकडे आले होते. पाऱ्याची तांबडी भस्मासारखी पूड तापवली की त्यातून एक वायू निघतो आणि त्यात मेणबत्ती झगझगीत जळते, असं त्यांनी जेवताना सांगितलं. हाच तो ऑक्सिजन. पण प्रिस्टली आणि त्या काळचे बहुतेक सगळेच विद्वान असं मानायचे की वस्तू जळते तेव्हा तिच्यातून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी निघून जातं. लाकूड जळलं की मूठभर राख उरते, म्हणून ते पटायचंही. चुलीपुढे बसणाऱ्या आपल्यालासुद्धा असंच वाटतं की नाही?

लव्हाझिएंनी तराजू काढला. बंद भांड्यात हवेबरोबर पारा बारा दिवस तापवला. वर तांबडी पूड आली आणि भांड्यातली हवा कमी झाली. ती ४५ ग्रेन पूड वेगळी तापवली तर ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला, आणि हवेतून जेवढा वायू गेला होता जवळजवळ तेवढाच वायू बाहेर आला. (ग्रेन म्हणजे गुंजेहूनही लहान माप.) म्हणजे उरलेले साडेतीन ग्रेन कुठंही हरवले नव्हते. ते हवेतून आत आले होते आणि पुन्हा हवेत गेले. जळताना वस्तूतून काही निघून जात नाही, उलट हवेतला ऑक्सिजन तिच्यात मिसळतो!

मला हे स्वयंपाकघरात उभं राहून पटलं. आपला घरगुती गॅस १४.२ किलोचा. महिना-दीड महिन्यानं टाकी हलकी होते आणि आपण म्हणतो, गॅस संपला. संपत काहीच नाही! हिशेब केला तर तेवढा गॅस जळताना हवेतला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन घेतो आणि दोन्ही मिळून सुमारे ६५ किलो कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन खिडकीतून निघून जातात. चौदा आणि एक्कावन्न, पासष्ट. डावी बाजू आणि उजवी बाजू. आपल्याला दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही.

आता आमच्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. कारण तिच्या वहीतलं लोखंडाचं समीकरण हाही याच जोडप्याच्या घरातला प्रयोग! पाणी हे मूळ तत्त्व नाही, ते हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून झालेलं आहे, हे लव्हाझिएंना सिद्ध करायचं होतं. त्यांनी बंदुकीची लोखंडी नळी लालबुंद तापवून तिच्यातून पाणी सोडलं. ऑक्सिजन लोखंडानं धरून ठेवला आणि हायड्रोजन दुसऱ्या टोकानं बाहेर आला. फेब्रुवारी १७८५ मध्ये अकादमीच्या विद्वानांसमोर पाणी मोडून आणि पुन्हा जोडून दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. सगळं तोलून!

पुढच्या खेपेला मी तिला फळ्यापुढे नेलं. आपल्या जालन्याला लोखंड काही नवं नाही, एमआयडीसीत भंगार वितळवून सळ्या करणारे कारखाने तिनं बाहेरून पाहिलेले. आम्ही दोघींनी मिळून मांडलं. उजवीकडच्या ऑक्साइडमध्ये लोखंडाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. हे चार ऑक्सिजन आले कुठून? पाण्यातूनच. पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजन एकच, म्हणजे पाणी चार हवं. चार पाण्यात हायड्रोजन किती? दोन चोक आठ. हायड्रोजन बाहेर पडतो तो जोडीजोडीनं, म्हणजे चार जोड्या. आणि लोखंड तीन. झालं! तीन लोखंड नि चार पाणी, बाणापलीकडे एक ऑक्साइड नि चार हायड्रोजन. पोरगी टाळ्या पिटायला लागली. खरं सांगू? मीही!

मग तो लाल फुलीवाला बारीक आकडा का बदलायचा नाही, तेही समजलं. पुढचा मोठा आकडा म्हणजे वस्तू किती घेतली. तो आपल्या हातात. पण खालचा बारीक आकडा म्हणजे ती वस्तू काय आहे. पाण्यात ऑक्सिजन एक. तिथं दोन लिहिले की ते पाणी राहतच नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, पार्लरमध्ये ब्लीचला वापरतात ते! हिशेब जुळावा म्हणून पाण्याचं पाणीपण काढून घ्यायचं नसतं. लाडू कमी पडले तर आणखी करावेत, प्रत्येक लाडवातलं बेसन काढून भुसा भरू नये. एवढं सांगितल्यावर ती पुन्हा कधी चुकली नाही.

लव्हाझिएंच्या काळी ही अक्षरं, हे बारीक आकडे नव्हते बरं का. अणूची कल्पना जॉन डाल्टननं १८०८ मध्ये पुस्तकात मांडली आणि मूलद्रव्यांना अक्षरं देण्याची पद्धत बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १८१३-१४ च्या सुमारास सुरू केली. पण त्यांचा पाया १७८९ सालच्या लव्हाझिएंच्या पुस्तकात आहे. रसायनशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ असं त्याचं साधं नाव. त्यात द्राक्षांच्या रसाची दारू कशी होते हे सांगताना त्यांनी म्हटलंय की, माणसाच्या कृतीत असो वा निसर्गात, नवीन काही निर्माण होत नाही, क्रियेच्या आधी जेवढा पदार्थ तेवढाच नंतरही असतो. म्हणून एका बाजूला रस आणि दुसऱ्या बाजूला वायू नि मद्य ठेवून बीजगणितासारखं समीकरण मांडता येतं. समीकरणाचं मूळ हे असं द्राक्षांत आहे! आपल्या तालुक्यातलं कडवंची गाव शेततळ्यांवर द्राक्षं पिकवून नावाला आलं, आणि आपल्याकडच्या मुलींचे आईवडील ज्या उसावर राबतात त्याच्या मळीपासूनही अशीच दारू होते. साखर एकीकडे, मद्य आणि वायू दुसरीकडे.

या पुस्तकात तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली तेरा चित्रं आहेत. प्रत्येक नळी, प्रत्येक भांडं मापात काढलेलं, म्हणजे दुसऱ्या देशातल्या माणसालाही ते उपकरण बनवून प्रयोग करून बघता यावा. ती सगळी मारीनं काढली आणि कोरली. त्याच्या आदल्या वर्षी, १७८८ मध्ये, आयर्लंडच्या रिचर्ड कर्वान यांच्या फ्लॉजिस्टनवरच्या पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद निघाला. तो मारीनं केलेला. त्यात लव्हाझिए आणि त्यांच्या मित्रांनी कर्वान यांचे मुद्दे एकेक करून खोडले, काही टिपा खुद्द मारीच्या. पुढं कर्वान यांनी स्वतःच फ्लॉजिस्टन सोडून दिलं!

पण मैत्रिणींनो, त्या अनुवादावर मारीचं नाव नव्हतं. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही नाही. नाव सापडतं ते चित्रांच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. आता तुम्हीच सांगा, हे समीकरण जुळतं का? डावीकडे दोघांचे हात, दोघांची जाग्रणं, आणि उजवीकडे एकाच माणसाचं नाव! आयुष्यभर आधी किती आणि नंतर किती हे चोख लिहून ठेवणारी बाई, आणि तिचंच मोजायचं राहिलं. माणसाच्या श्वासावरच्या प्रयोगांचं तिनं काढलेलं एक चित्र आहे. त्यात तोंडाला मुखवटा लावून श्वास घेणारा सहकारी आहे, प्रयोग करणारा नवरा आहे, आणि एका बाजूला मेजापाशी लिहीत बसलेली ती स्वतः. जगानं मोजलं नाही, पण तिनं स्वतःला चित्रातून वगळलं नाही!

त्या दोघांचं दाविदनं १७८८ मध्ये काढलेलं मोठं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या तज्ज्ञांनी ते किरणांखाली तपासलं आणि २०२१ मध्ये त्याची हकीकत जाहीर झाली. आधी दाविदनं मारीच्या डोक्यावर फुलांची, फितींची मोठ्ठी फॅशनेबल हॅट रंगवली होती आणि मेजावर उपकरणं नव्हतीच. म्हणजे आधी होतं ते श्रीमंत करवसुली करणाऱ्याचं नि त्याच्या नटव्या बायकोचं चित्र. नंतर हॅट पुसली आणि काचेची भांडी आली.

हे सांगण्याचं कारण, हिशेब चोख ठेवायचा तर सगळाच ठेवावा लागेल. प्रयोगशाळेतली ती महागडी उपकरणं आली कुठून? करवसुलीच्या पैशातून. मिठावरचा, तंबाखूवरचा कर ज्या गरिबांच्या खिशातून निघायचा त्यांचा या मक्तेदारांवर फार राग होता, आणि तो फुकाचा नव्हता. १७८९ मध्ये क्रांती झाली. नोव्हेंबर १७९३ मध्ये सगळ्या करमक्तेदारांना पकडण्याचा हुकूम निघाला. लव्हाझिए स्वतःहून हजर झाले. ८ मे १७९४ या एकाच दिवशी खटला चालला, निकाल लागला आणि अठ्ठावीस जणांची गिलोटिनवर डोकी उडाली. त्यात मारीचे वडील होते आणि त्यांच्या मागोमाग नवरा. वय अवघं पन्नास. खटला कसला, जेवायला बसून उठावं एवढ्या वेळात माणसं संपवली. लोकांचा राग खरा होता, पण त्या न्यायात तराजू नव्हता.

एका दिवसात बाप गेला, नवरा गेला. घर, पैसा, पुस्तकं, उपकरणं जप्त झाली. पुढच्याच महिन्यात मारीलाही तुरुंगात टाकलं. ती ६५ दिवस आत होती. मूलबाळ नाही. छत्तीस वर्षांची बाई, अगदी एकटी.

सुटून आली आणि तिनं काय केलं? एकेक गोष्ट परत मागायला सुरुवात केली. अर्ज-विनंत्या केल्या, जप्त झालेल्या वह्या, उपकरणं मिळवली. तुरुंगात जाईपर्यंत नवरा आपल्या लेखांचा संग्रह छापून घेत होता, तो अर्धवट राहिलेला. तिनं तो १८०५ च्या सुमारास पुरा करून काढला. त्याला प्रस्तावना स्वतः लिहिली. आणि तो विकला नाही, तर शास्त्रज्ञांना भेट म्हणून पाठवला. नवरा गेला म्हणून त्याचा हिशेब बुडू दिला नाही.

त्याच सुमारास तिनं दुसरं लग्न केलं, काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाशी. उष्णतेवर काम करणारा मोठा माणूस, पण संसार काही जमला नाही. तिला घरात माणसं हवीत, त्याला शांतता. एकदा त्यानं तिच्या पाहुण्यांना बाहेर ठेवून फाटकालाच कुलूप घातलं. तिनं त्याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं! हे रम्फर्डनंच आपल्या मुलीला पत्रातून कळवलेलं आहे. ते वाचून मला हसूही आलं आणि तिच्याबद्दल जवळीकही वाटली. देवी नव्हती ती, तुमच्या-माझ्यासारखी रागावणारी बाई होती. १८०९ मध्ये दोघं वेगळे झाले. मात्र दुसऱ्या लग्नातही तिनं लव्हाझिए हे नाव सोडलं नव्हतं. पुढची सत्तावीस वर्षं तिच्या घरी विद्वानांची बैठक भरत राहिली. १० फेब्रुवारी १८३६ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ती पॅरिसमध्ये वारली.

ही सगळी गोष्ट मी आमच्या मुलींना सतरंजीवर बसून सांगितली. वहीवाली मुलगी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती आजीला घेऊन आली. आजीचा सूर सरळ होता. पोरगी शिकून काय मिळवणार, ते सांगा, म्हणाली. मी म्हटलं, आजी, तुम्ही डावीकडचं धरलंच नाही. पहाटे उठून पाणी ती भरते, भाकरी ती थापते, धाकट्या भावाला शाळेत ती सोडते, आणि मग आठ मैल सायकल मारून वर्गात पहिल्या तिघींत येते. एवढं सगळं आत गेलेलं असताना बाहेर फक्त एक कोयता निघावा? मग मधलं गेलं कुठं? कायद्याचंही सांगितलं. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, २००६ चा कायदा आहे, १०९८ या नंबरवर कुणीही फोन करू शकतं. पण खरं सांगते, आजी कायद्यानं गप्प झाली आणि हिशेबानं विचारात पडली. तिनं आयुष्यभर केलेलं कुणी मोजलं होतं?

सध्या एवढंच ठरलंय की दहावीची परीक्षा होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही. आईवडील कारखान्यावरून परतल्यावर पुढचं बघू, असं आजी म्हणते. ते परततील तेव्हा आम्ही चौघी-पाचजणी त्यांच्याकडे जाणार आहोत, वही घेऊनच. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीचं, २०१८ साली सुरू झालेलं केंद्र आपल्या जालन्यातच आहे हेही त्यांना सांगणार आहे. रसायन शिकायला पॅरिसला नको, मुंबईलासुद्धा जायला नको!

परवा जाता जाता त्या मुलीनं मला एक समीकरण घातलं. म्हणाली, ताई, आता तुम्ही सोडवा. मी दहा मिनिटं घेतली, दोनदा चुकले, पण खालचा बारीक आकडा काही बदलला नाही. जुळलं! पंचेचाळिशीत, बी.ए. मराठीवाल्या बाईचं जुळलं.

मैत्रिणींनो, आज रात्री झोपायच्या आधी एक करा. घरातल्या कुणाचंही, सासूबाईंचं, लेकीचं, कामाला येणाऱ्या ताईंचं आणि हो, स्वतःचंही, दिवसभरात बाणाच्या डावीकडे काय काय गेलं ते एकदा मोजून बघा. उजवीकडचं आपण रोज बघतोच की.